होम असिस्टंट, दोन वर्षं वापरून: दिवा का विझला हे सांगणारं घर

आधी मुद्द्याचं सांगते. होम असिस्टंट हे घरातले दिवे, पंखे, सेन्सर आपण दिलेल्या नियमांनी चालवणारं, फुकट मिळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, घरातल्याच एका छोट्या कॉम्प्युटरवर चालतं, आणि आमच्या पुण्यातल्या टू बीएचकेमध्ये दोन वर्षं रात्रंदिवस चालू आहे. घरात आई, बाबा, ८४ वर्षांची आजी आणि मी. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा कुठे कापला तेही सांगणार आहे. पण हा रिव्ह्यू फक्त "दिवे मोबाईलवरून लागतात, मस्त वाटतं" असा नाहीये कारण माझं एम.टेक. याच विषयात झालंय, परिस्थिती बघून स्वतःला बदलणारी सॉफ्टवेअर, आणि इतकी वर्षं पेपरमध्ये वाचलेलं घरात चालताना बघितल्यावर त्यातलं काय खरं निघालं हे लिहायचंच होतं.

याच्या आधी आम्ही एका कंपनीचं तयार किट घेतलेलं, "आपोआप शिकणारे" स्विच. महिनाभर बरं चाललं. मग बाल्कनीचा दिवा रोज संध्याकाळी सातच्या सुमारास बंद व्हायला लागला, तुळशीला दिवा लावायच्या वेळेलाच. आई परत लावायची, तो परत बंद. सपोर्टला फोन केला तर म्हणाले सिस्टिम अजून शिकतेय, थोडे दिवस द्या. काय शिकतेय, कशावरून शिकतेय, कोणाला विचारायचं, काही पत्ता नाही. शेवटी आईने त्या स्विचवर सेलोटेप लावली आणि म्हणाली, "हे काढ, मला माझं साधं बटण दे." मला तेव्हा खूप वाईट वाटलं कारण आईचं बरोबर होतं आणि आमच्या क्षेत्रात हा प्रश्न किती जुना आहे ते मला माहीत होतं.

किती जुना ते थोडक्यात. १९९१ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रातल्या मार्क वायझरने लेख लिहिला की कॉम्प्युटर पुढे घरातल्या भिंतींत, वस्तूंत असे मिसळून जातील की तिथे आहेत हेही जाणवणार नाही. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये केंब्रिजला ऑलिव्हेटीच्या रिसर्च लॅबमध्ये लोक छातीवर अॅक्टिव्ह बॅज लावून फिरायचे, तो बॅज दर १५ सेकंदांनी इन्फ्रारेडने आपला कोड सोडायचा, आणि तुमचा फोन आला की तुम्ही ज्या खोलीत असाल तिथल्या फोनवर वळवता यायचा. १९९४ मध्ये शिलिट आणि मंडळींनी याला कॉन्टेक्स्ट-अवेअर, म्हणजे परिस्थितीचं भान असलेलं, हे नाव दिलं. २००१ मध्ये अनिंद डे यांनी कॉन्टेक्स्टची जी व्याख्या केली ती आजही सगळे धरतात, म्हणजे माणूस, जागा किंवा वस्तू कुठल्या परिस्थितीत आहे हे सांगायला जी कुठली माहिती उपयोगी पडेल ती सगळी कॉन्टेक्स्ट. आणि याच २००१ साली बेलोटी आणि एडवर्ड्स यांनी स्पष्ट लिहिलं होतं की अशा सिस्टिमने आपल्याला काय कळलंय आणि आपण काय करतोय हे माणसाला सांगितलंच पाहिजे. पुढे २००९ मध्ये लिम आणि डे यांनी प्रयोग करून दाखवलं की "का केलं" आणि "का नाही केलं" ही उत्तरं मिळाली तर लोकांना सिस्टिम जास्त कळते. म्हणजे आईने सेलोटेप लावली त्याच्या कितीतरी आधी याचं उत्तर छापून आलेलं होतं, पण दुकानातल्या डब्यात ते उतरलं नव्हतं.

होम असिस्टंटमध्ये ते उतरलंय, आणि माझ्या मते याच्यासाठीच हे घ्यावं.

कसं ते सांगायच्या आधी एक गोष्ट समजून घ्या म्हणजे पुढचं नीट कळेल. आयबीएमने २००१ मध्ये स्वतःची काळजी स्वतः घेणाऱ्या सिस्टिमची कल्पना मांडली, २००३ मध्ये केफार्ट आणि चेस यांचा त्यावरचा लेख आला, आणि तिथून मेप-के नावाचं चक्र आमच्या विषयात पाठ झालं. मॉनिटर म्हणजे बघा, अॅनालाइज म्हणजे समजून घ्या, प्लॅन म्हणजे काय करायचं ठरवा, एक्झिक्यूट म्हणजे करा, आणि या चौघांच्या मधे नॉलेज, म्हणजे सिस्टिमला जगाबद्दल जे माहीत आहे ते. काहीही बिघडलं की पहिला प्रश्न हा की या चारपैकी कुठे बिघडलं? चुकीचं दिसलं, का बरोबर दिसून चुकीचं ठरवलं? हे कळलं नाही तर तुम्ही आंधळेपणाने नियम बदलत बसता. कॉलेजमध्ये मी हे स्विम नावाच्या सिम्युलेटरवर करायचे, त्यात वेबसाइटवर गर्दी झाली की सर्व्हर वाढवायचे का पानावरचा ऐच्छिक मजकूर कमी करायचा हे सिस्टिमने ठरवायचं असतं. तिथे चूक झाली तर ग्राफ वाकडा येतो, बास. घरात चूक झाली तर आजी अंधारात बसते.

आणि तशी ती बसली. आजी रोज पहाटे साडेपाचला देवघरासमोर पोथीचा एक अध्याय वाचते, पाटावर बसून, हलत नाही बोलत नाही, फक्त ओठ हलतात आणि मधे एकदा पान उलटते. देवघराच्या खोलीत मी साधा पीआयआर, म्हणजे हालचाल ओळखणारा सेन्सर लावलेला, नियम असा की हालचाल दिसली की दिवा लाव आणि तीन मिनिटं हालचाल नाही तर बंद कर. चौथ्या दिवशी सकाळी आजी म्हणाली, "अगं, तुझ्या त्या पेटीला सांग मी इथेच बसलेय." तीन दिवस ती बिचारी हात हलवून हलवून दिवा लावून घेत होती आणि मला उगाच त्रास नको म्हणून काही बोलली नव्हती.

होम असिस्टंटमध्ये प्रत्येक ऑटोमेशनला, म्हणजे आपण लिहिलेल्या नियमाला, ट्रेस असतो, २०२१ च्या एप्रिलच्या आवृत्तीपासून आहे. उघडलं की एक चित्र दिसतं, वरून खाली, कशाने सुरुवात झाली, कुठली अट तपासली, ती खरी निघाली का खोटी, मग काय केलं, प्रत्येक पायरीला वेळ. मी त्या दिवशीचा ट्रेस उघडला. ५ वाजून ४४ मिनिटांनी सेन्सर म्हणतो हालचाल नाही, ५:४७ ला तीन मिनिटं पूर्ण, दिवा बंद. नियम अगदी जसा लिहिला तसाच चाललाय, एका पायरीचीही चूक नाही! मग सेन्सरचा इतिहास उघडला तर आजी तिथे बसलेली असताना सरळ सपाट रेघ. म्हणजे ठरवण्यात चूक नव्हती, बघण्यात होती. पीआयआर हा उष्णतेची हालचाल बघतो, माणूस बघत नाही, आणि स्थिर बसलेली आजी त्याच्या दृष्टीने खोलीत नव्हतीच. पाच मिनिटांत कळलं की वेळ तीनची दहा करून भागणार नाही, सेन्सरच बदलायला हवा. जुन्या किटमध्ये हे मला सहा महिन्यांतही कळलं नसतं.

मग रडारवाला घेतला, एलडी २४१०, २४ गिगाहर्ट्झचा, ईएसपी ३२ नावाच्या छोट्या वायफाय बोर्डाला जोडायचा, अगदी छोटासा आहे. हा श्वासाने छाती हलते तेवढंही पकडतो. पण लावल्यावर उलटंच झालं, आता दिवा बंदच होईना कारण छताचा पंखा त्याला माणूस वाटत होता. परत ट्रेस, परत इतिहास, आणि पंखा बंद केला की एका मिनिटात खोली रिकामी दिसायला लागली म्हणजे चोर सापडला. या सेन्सरमध्ये अंतराचे पट्टे असतात, साधारण ७५ सेंटिमीटरचा एक, आणि प्रत्येक पट्ट्याची संवेदना वेगळी ठेवता येते. मी सेन्सर दारावरून काढून खाली पाटाच्या उंचीला आणला, पंख्याचा पट्टा कमी केला, पाटाचा वाढवला. त्याला एक रविवार गेला. आता दीड वर्ष झालं, आजी अध्याय संपवून उठते, नमस्कार करते, बाहेर जाते, दिवा मागून विझतो.

दुसरं उदाहरण बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनचं, कारण यात परिस्थिती म्हणजे काय हे मला नव्याने कळलं. दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर गेला की फॅन लाव, खाली आला की बंद कर, असा नियम टाकला. पहिली अडचण पुस्तकातलीच, आकडा ६५ च्या आजूबाजूला घुटमळला की फॅन चालू-बंद चालू-बंद. त्याला दोन वेगळे आकडे द्यायचे, ७० ला लाव आणि ६० ला बंद, याला हिस्टेरेसिस म्हणतात आणि होम असिस्टंटमध्ये त्याची सोय तयार मिळते. झालं, एप्रिल-मे झकास गेले. जुलै आला आणि फॅन थांबेचना, कारण बाहेरच ८५-९० टक्के दमट, बाथरूम ६० वर येणार कुठून. नियम चुकला नव्हता, सेन्सर चुकला नव्हता, मी धरलेलं जगच चुकीचं होतं. पुण्यात ६५ म्हणजे ओलं हे उन्हाळ्यात खरं आणि पावसाळ्यात खोटं. मग बाथरूम आणि हॉल यांच्यातला फरक मोजायला लागले, हॉलपेक्षा १२ ने जास्त असेल तर लाव आणि ४ वर आला की बंद. बारा महिने तोच नियम चालतो आता. आमच्या विषयातले लोक म्हणतात की डिझाइन करताना धरलेली गृहीतकं चालू असतानाही तपासली पाहिजेत, ते वाक्य मी कितीदा परीक्षेत लिहिलंय आणि त्याचा अर्थ मला बाथरूममध्ये उभं राहून कळला.

मला सगळ्यात जास्त आवडलेली आणि लोक सहसा न वापरणारी गोष्ट म्हणजे बेझियन सेन्सर, हा खरा सेन्सर नाही, बाकीच्यांच्या पुराव्यांवरून शक्यता काढणारा हिशोब आहे. "घर झोपलंय का" हे सांगणारा कुठलाही सेन्सर बाजारात मिळत नाही, ते अंदाजानेच काढावं लागतं. इथे तुम्ही सांगायचं की दिवसाचा साधारण ३० टक्के वेळ घर झोपलेलं असतं. मग पुरावे द्यायचे. बाबांचा फोन चार्जिंगला असणं, झोपलेले असताना ९० टक्के वेळा, जागे असताना २० टक्के. एवढ्या एका पुराव्याने ३० चे ६६ टक्के होतात. त्यात हॉलचा टीव्ही बंद आहे हे टाका, झोपलेले असताना ९५ टक्के, जागे असताना ५० टक्के, की आकडा ७९ वर जातो. मी उंबरठा ७५ ठेवलाय. तो ओलांडला की पॅसेजचा दिवा मंद पिवळा होतो आणि बेलचा आवाज कमी होतो. बाबा एखाद्या रात्री फोन चार्जिंगला लावून मॅच बघत बसले तर टीव्ही चालू असल्यामुळे आकडा चढत नाही, आणि का चढला नाही हे सेन्सरवर टिचकी मारली की दिसतं, कुठला पुरावा मोजला कुठला नाही. एका सेन्सरवर आंधळा विश्वास टाकण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं आहे.

अजून एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. होम असिस्टंटमध्ये सेन्सर फक्त चालू किंवा बंद नसतो, तो "अनअव्हेलेबल"ही असू शकतो, म्हणजे मला माहीत नाही असं सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे म्हणतं. बॅटरी संपलेला सेन्सर आणि रिकामी खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, स्वस्त किटमध्ये हा फरकच नसतो. पण याची जाणीव ठेवून नियम लिहावे लागतात. एका रात्री लाईट गेली, अडीचला आली, आणि हॉलमधले सगळे दिवे भपकन लागले, बाबा दचकून उठले. ट्रेसमध्ये दिसलं की सेन्सर "अनअव्हेलेबल" वरून थेट "चालू" वर आला होता आणि माझ्या नियमाने ती हालचाल धरली. नियमात "बंद वरून चालू झाला तरच" एवढं लिहिलं आणि काम झालं. नवीन लोकांनी हे पहिल्याच दिवशी लिहून टाका, आपल्याकडे लाईट जातेच.

आता अर्धा मार्क कुठे गेला. ट्रेस तेव्हाच तयार होतो जेव्हा नियम सुरू होतो. नियम सुरूच झाला नाही तर ट्रेसमध्ये काहीच नसतं, म्हणजे "का केलं" हे उत्तम कळतं, अटीमुळे अडलं असेल तर तेही कळतं, पण "मुळात जागंच का नाही झालं" याला तुम्हाला स्वतः सेन्सरचा इतिहास उघडून डोकं लावावं लागतं. ट्रेसही मुळात शेवटचे पाचच ठेवतो, वाढवता येतात पण त्याला यामल नावाच्या सेटिंगच्या मजकुरात हाताने ओळ लिहावी लागते, आणि साध्या माणसाला ते सांगणार कोण. सेन्सरचा तपशीलवार इतिहास न बदलता ठेवला तर १० दिवसांचाच राहतो, म्हणून मागच्या महिन्यात असं का झालेलं हे विचारायचं असेल तर आधीच सेटिंग बदला.

त्याहून मोठी उणीव म्हणजे दोन नियम एकमेकांशी भांडतायत हे तो सांगत नाही. एक नियम म्हणतो सूर्यास्ताला हॉलचा दिवा लाव, दुसरा म्हणतो कोणी नाही तर बंद कर, तिसरा म्हणतो टीव्ही चालू झाला की मंद कर. प्रत्येक वेगळा बघितला तर शहाणा, तिन्ही एकत्र आले की दिवा काय करेल देव जाणे. टेलिफोन एक्स्चेंजच्या काळापासून या प्रश्नावर संशोधन चाललंय, तिथे कॉल वळवणं आणि कॉल वेटिंग अशा सोयी एकमेकींना छेदायच्या. होम असिस्टंटमध्ये उपकरणाच्या पानावर ते कुठल्या कुठल्या नियमांत वापरलंय एवढं दिसतं, हेही काही कमी नाही, पण नियम सेव्ह करताना "अगं, याच दिव्यावर अजून दोन नियम आहेत" असं त्याने म्हणायला हवं. माझ्याकडे आता ४० च्या वर नियम झालेत आणि मी वहीत प्रत्येक दिव्याचं पान केलंय, नवीन नियमाआधी ते पान वाचते.

कोणी विचारेल की हे सगळं हाताने लिहायचं तर मग ते स्वतःहून जुळवून घेणारं घर कसलं? प्रश्न रास्त आहे. नव्वदच्या दशकात अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या बोल्डरला मायकल मोझर यांनी स्वतःच्या राहत्या घरात न्यूरल नेटवर्क, म्हणजे अनुभवातून शिकणारं सॉफ्टवेअर, बसवलं होतं, दिवे, हीटर, गरम पाणी सगळं घरानेच शिकायचं. माणसाने हाताने बटण दाबलं की घराने समजायचं आपलं चुकलं, आणि विजेचा खर्च आणि माणसाची गैरसोय या दोघांचा मेळ घालायचा. मला ती कल्पना अजूनही फार सुंदर वाटते. पण तिथे राहणाऱ्या माणसानेच घर बनवलेलं होतं, आमच्याकडे ८४ वर्षांची आजी आहे. तिला घराने पंधरा चुका करून शिकणं परवडत नाही. म्हणून मला होम असिस्टंटची विभागणी पटते, बघायचं आणि करायचं काम त्याचं, ठरवायचं आपलं, आणि दोघांमधला हिशोब ट्रेसमध्ये उघडा. मी मोझर यांच्याकडून एकच गोष्ट उचललीये, घरात कोणी हाताने बटण दाबून नियमाच्या उलट काही केलं की त्याची नोंद होते आणि रविवारी मी ती यादी बघते. आई बाल्कनीचा दिवा आठवड्यात तीनदा हाताने लावते म्हणजे नियम चुकलाय, आई नाही.

खर्चाचं म्हणाल तर मी जुना मिनी पीसी पाच-सहा हजारांत घेतला, बोर्ड आणि सेन्सर मिळून खोलीमागे साधारण हजार रुपये. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवरही चालतं पण मेमरी कार्डवर ठेवू नका, सारखं लिहून लिहून कार्ड जातं, एसएसडी लावा. इंटरनेट गेलं तरी घरातले नियम चालू राहतात, हा फार मोठा फायदा, आणि कोणाच्या सर्व्हरवर आजीच्या पोथीची वेळ जात नाही. हे २०१३ मध्ये पाउलस शाउटसेन यांनी पायथनमध्ये सुरू केलं आणि २०२४ पासून ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे, त्यामुळे उद्या कोणी विकत घेऊन बंद पाडेल ही भीती मला कमी वाटते. दर महिन्याला नवी आवृत्ती येते, पण घाई करू नका, काय बदललंय ते वाचून, बॅकअप घेऊन, एक-दोन आठवड्यांनी टाका.

गीझरला हात लावणार असाल तर चांगला वायरमन बोलवा. दोन हजार वॅटचा गीझर साडेआठ-नऊ अँपिअर ओढतो, दहा अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर रोज चालवणं म्हणजे आगीला आमंत्रण, सोळाचा घ्या, आणि लाईट जाऊन आल्यावर तो बंदच राहील असं सेटिंग करा. दिव्यांचे रिले, म्हणजे कॉम्प्युटरने चालू-बंद होणारे छोटे स्विच, बोर्डात बसवायचे तर बोर्डात न्यूट्रल वायर आलीये का ते आधी बघून घ्या, आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तीन बोर्डांत नव्हती आणि ती ओढायला वेगळे पैसे गेले. आणि प्रत्येक दिव्याचं भिंतीवरचं साधं बटण तसंच चालू ठेवा, कॉम्प्युटर बंद असला तरी दाबल्यावर दिवा लागलाच पाहिजे. सेलोटेप काढल्यापासून आईची एवढी एकच अट आहे.